पत्रकात नसलेलं नाव

खुशामतखोर माणसाला इंग्रजीत किती शब्द आहेत हे मला सतराव्या वर्षी कळलं, आणि कळल्याबरोबर ते अस्के शब्द मी आमच्या गल्लीवर फेकून मारले. अस्के म्हणजे सगळे. पुण्यात मी अजूनही हा शब्द बोलून जाते आणि मैत्रिणी हसतात. हसू देत. त्यांतलीच एक विचारते, तिशी जेमतेम ओलांडलीस, आत्ताच कसलं आत्मकथन? मी म्हणते, साठीपर्यंत थांबणारे लोक वाटेत काय काय गाळून येतात ते आपल्याला कधी कळतच नाही. मला गाळायला सवड मिळण्याआधी लिहून टाकायचं आहे. त्यातही ही एक गोष्ट आधी, कारण हिच्यात मी एक नाव गाळलं होतं.

आमचं घर तंजावूरच्या मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. अरुंद, लांबलचक, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे बसायला तिण्णै, म्हणजे ओटा, आणि मागे विहिरीपाशी एक कढीलिंबाचं झाड, ज्याच्यावर अर्ध्या गल्लीचा हक्क होता. सकाळ व्हायची ती दोन घरं पलीकडे वीणा बनवणाऱ्यांच्या पटाशीच्या टकटकीनं. त्या टकटकीत अम्माचा कुकर, शेजारच्या घरातलं तमिळ बातमीपत्र आणि अप्पांचं घाईघाईचं स्तोत्र असं सगळं मिसळायचं. बोलणं मराठीत, भांडण तमिळमध्ये, हिशेब आणि अपमान इंग्रजीत, अशी आमच्या घराची वाटणी होती. वाचायला मात्र मराठी कुणाला येत नसे. एक आत्याच वाचायची. ती अप्पांची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची शिक्षिका, आमच्याकडेच राहायची. देवनागरी तिनं मला शिकवली ती रविवारी दुपारी, तांदळाच्या पिठात बोट फिरवून. आज हे लिहितेय ते त्या पिठाच्या जोरावर.

अप्पा पापनाशमच्या तालुका कचेरीत कारकून होते. साडेपाचला अंघोळ, सहाला गल्लीच्या तोंडाशी धर्मकर्त्यांच्या घरी कॉफी, मग पॅसेंजर गाडी. धर्मकर्ते म्हणजे आमच्या मराठी मंडळींच्या भजनमंडपाचे विश्वस्त, निवृत्त वकील, गल्लीचे मामा. त्यांच्याकडे सकाळी दरबार भरायचा. अम्मा म्हणायची, "तिथली कॉफी आपल्यापेक्षा पातळ. तरी जातात. कसाला जातात, रामाला ठाऊक." कसाला जातात ते मला पक्कं ठाऊक होतं, किंवा तसं मला वाटायचं. मामा बोलले की अप्पा मान हलवायचे. मामांनी तेच उलटं सांगितलं की पुन्हा मान हलवायचे. शनिवारी मंडपात मामा भजन म्हणायचे, आणि त्यांच्यामागे टाळ धरून अप्पा. मामांचा आवाज मोठा, ताल मात्र परगावी. ते ताल सोडून निघाले की अप्पा ताल उचलून त्यांच्या मागे मागे जायचे आणि जिथे ते थांबतील तिथे तो अलगद ठेवायचे, जणू काही तो पहिल्यापासून तिथेच होता. तमिळमध्ये खुशामत करणाऱ्याला 'टाळ वाजवतो' असंच म्हणतात. माझ्या वर्गातल्या मुलींना एवढं पुरेसं होतं. मला तर त्याहून कमी पुरलं असतं.

मंडपाच्या पुढच्या खोलीत आत्याचा वर्ग भरायचा. फुकट. संध्याकाळी पाच ते सात, गल्लीतली आणि गल्लीबाहेरचीही अठरा-वीस मुलं, मराठी-तमिळ सगळी एका चटईवर. आत्याची पद्धत अशी की शब्द एकटा शिकवायचा नाही, अख्खं कुटुंब शिकवायचं. एका आठवड्यात चालण्याचे शब्द, एका आठवड्यात रडण्याचे. आणि नियम एकच: "वाक्यात वापरून दाखवलास तर शब्द तुझा. नाहीतर तो फळ्याचा." फळा पुसला की ती पदरानं चष्मा पुसायची, आणि खडूची पांढरी धूळ भिवयांवर घेऊन घरी यायची. मी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि लहान मुलांच्या वह्या तपासत होते. सांगायला हरकत नाही, त्या दोन तासांइतकी मी कुठे शहाणी नसायचे.

आणि मग त्या वर्षी रामनवमीच्या पंधरा दिवस आधी मामांनी ठरवलं की ती खोली राजारामला द्यायची. राजाराम मांडव आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा, आणि मामांच्या दरबारात पहिला बसायचा. त्याच्या खुर्च्या बाहेर ठेवल्यानं पावसात भिजतात म्हणे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या! मुलं काय, मामा म्हणाले, कुठेही बसतील. मी हे आमच्या दाराशी उभी राहून ऐकलं. मामा तिण्णैवर बसून आत्याला सांगत होते, बाजूला राजाराम उभा, आणि अप्पा म्हणाले, "बरोबर आहे मामा." आत्यानं आतून किल्ली आणली आणि मामांच्या हातावर ठेवली. वर्ग रामनवमीपर्यंत चालेल एवढी सवलत मिळाली. मामा गेल्यावर अप्पा अम्माला म्हणाले, "आज भाजी काय?" त्या दिवशी मी जेवले नाही. म्हणजे डांगर पच्चडी, उडदाच्या पिठाची दह्यातली, होती म्हणून थोडी जेवले, पण बोलले नाही.

त्याच आठवड्यात आत्यानं फळ्यावर नवं कुटुंब लिहिलं. मुद्दाम की योगायोगानं, ते तिनं कधीच सांगितलं नाही.

पहिला शब्द होता टोडी. "बेडूक खाणारा," आत्या म्हणाली, आणि चटईभर 'अय्यो' झालं. "जत्रेत औषध विकणारा भोंदू असायचा. त्याचा माणूस सगळ्यांसमोर बेडूक खायचा, कारण बेडूक विषारी असं लोक समजायचे. मग भोंदू त्याला आपलं औषध पाजून वाचवायचा. मालकासाठी बेडूक खातो तो टोडी." मग फ्लंकी, झगमगीत गणवेश घालून दार उघडणारा. लॅकी, सांगेल ते काम धावत करणारा. येस-मॅन, प्रश्न संपायच्या आत हो म्हणणारा. क्रोनी, मोठ्या माणसाचा जुना दोस्त, ज्याला सगळं आधी मिळतं. सिकोफंट, गोड बोलून पोट भरणारा. स्टूज, दुसऱ्यासाठी बदनाम होणारा. आठवा शब्द तिनं अगदी खाली, लहान अक्षरात लिहिला: हँगर-ऑन.

"हा काय करतो, मिस?" एका चिमुरडीनं विचारलं.

"काही करत नाही," आत्या म्हणाली. "जेवण आटोपलं, सगळे उठायला निघाले, तरी हा बसून असतो. बास."

मला तो शब्द फिका वाटला. बाकीच्या सातांनी मात्र माझ्या डोक्यात मशाल पेटवली. माझं खरं शिक्षण तोवर पत्रकांवर झालेलं होतं. जुन्या बस स्टँडवर कॉलेजची मुलं पत्रकं वाटायची, ती मी सगळी जमवायचे: बसभाड्याविरुद्ध, कालव्यातल्या कचऱ्याविरुद्ध, कशाविरुद्ध ते न कळणारीसुद्धा. त्यांतून मी शिकले होते की पहिल्या ओळीत आरोप, मग नावं, आणि शेवटी मागणी, तीही एकच. तसं मी लिहिलं. तमिळमध्ये मजकूर, इंग्रजीत शब्द. 'हा मंडप कुणाचा? रामाचा की खुर्च्यांचा?' अशी सुरुवात. मग क्रमांक घालून सात माणसं, प्रत्येकासमोर त्याचा शब्द आणि अर्थ. एक, राजाराम, क्रोनी. दोन, रघूमामा, निवृत्त ड्रिल मास्तर, मामांच्या विनोदाला विनोदाआधी हसणारे, सिकोफंट. असं करत चार, गोपीनाथराव, निवृत्त हेडक्लार्क, मामांच्या डोक्यावर छत्री धरणारे, लॅकी. शेवटी मागणी: खोलीची किल्ली वर्गाला परत करा.

सात झाल्यावर मी आठ आकडा घातला. आणि पेन उचललं.

मी स्पष्टच लिहिते, कारण तेवढ्यासाठीच लिहायला बसलेय. अप्पांचं नाव मी गाळलं. दया वगैरे नव्हती. सकाळी अम्माच्या हातची कॉफी प्यायची होती, त्याच घरात. आठ आकडा खोडून मी त्यावर फूल काढलं. जी मुलगी सात जणांना बेडूक खायला लावते आणि आठव्याला फुलाखाली लपवते तिच्यासाठीही इंग्रजीत शब्द असणार. आज मी ज्या चळवळीत काम करते तिथल्या प्रमुख ताईंच्या कोट्यांना मी किती चटकन हसते, ते माझी पुण्यातली मैत्रीण मला बोलून दाखवते. म्हणजे तो शब्द आता मोठाही झाला असेल.

चाळीस झेरॉक्स काढल्या. रामनवमीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, गल्ली घोरत असताना दारांखालून सरकवल्या आणि एक मंडपाच्या खांबावर चिकटवली. मग घरी येऊन वादळाची वाट पाहत बसले. चार वाजता वादळ आलं ते छत्री घेऊन. गोपीनाथराव. हातात माझं पत्रक, त्यावर लाल शाईनं दुरुस्त्या.

"तुळजा," ते तिण्णैवर टेकत म्हणाले, "हे तुझंच. गल्लीत एवढ्या घाईचं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही."

"माझंच," मी म्हणाले. मान ताठ.

"मग सांग. मी चौथा कसाला?"

मला आधी कळलंच नाही.

"चौथा! राजाराम पहिला? कालचं पोर! आमचं घराणं राजावर छत्री धरायचं. आत दरबार भरला की पहिले आम्ही, मग पंखावाले, मग विडेवाले. तू मला त्या रघूच्या खाली घातलंस? आणि शब्द तरी कसला दिलास? लॅकी! बत्तीस वर्षं फायली सांभाळल्या मी. निदान क्रोनी तरी लिहायचं."

मी सांगायचा प्रयत्न केला की ही मानाची यादी नाही, निंदेची आहे. ते म्हणाले, "ते कळतं ग. निंदेतही क्रम असतोच की!" आणि ते तावातावानं रघूमामांकडे गेले. रघूमामा मला शिव्या द्यायला निघाले होते, ते गोपीनाथरावांशीच भांडत बसले. संध्याकाळपर्यंत सातही जण एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि माझ्याशी मात्र सगळे बोलत होते, आपापला क्रमांक सुधारून घ्यायला. असला प्रकार आमच्याच गल्लीत होऊ शकतो. आमच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी पूर्वज राजाचं काहीतरी धरून उभा होता, आणि तो कितवा उभा होता हे आम्ही पोरंसोरंसुद्धा पाठ म्हणायचो. माझ्या मागणीची ओळ कुणी वाचलीच नव्हती.

अप्पांनी पत्रक वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. त्या फुलावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं असं मला वाटलं. म्हणाले, "झेरॉक्स चांगली आली आहे." बास.

रामनवमीला मंडपात भजन झालं, गुळाचं पानक झालं, आणि पानं मांडली. आमच्याकडे पहिल्या पंक्तीत डोक्याशी धर्मकर्ते, आणि त्यांच्या उजव्या हाताचं पान म्हणजे सगळ्यात मोठा मान. त्या पानापाशी त्या दिवशी तिघं उभे राहिले. राजाराम म्हणाला, मी बसणार. गोपीनाथराव छत्री मिटवत म्हणाले, पत्रकात चूक आहे. रघूमामा म्हणाले, चूक असो की बरोबर, मी दुसरा आहे, म्हणजे उजवा. वाढलेला भात निवत चालला. मामा वैतागून ओरडले, "पोदुम! पुरे! या सातांतला कुणीच नको!" मग त्यांनी मान वळवून पंक्तीवर नजर टाकली. "ज्याचं नाव त्या कागदावर नाही असा कोण आहे? व्यंकू, तू ये."

आणि अप्पा, ज्यांचं पान नेहमी खांबामागे असायचं, ते धोतर सावरत जाऊन मामांच्या उजवीकडे बसले. माझ्या हातात ताकाची घागर होती. माझ्या भित्रेपणानं त्यांना तिथे नेऊन बसवलं होतं, आणि मला लाजेनं त्या घागरीतच उडी मारावीशी वाटली.

जेवण झालं. रसवांगी, आमटी, पायस, शेवटी ताकभात. आता आमचा रिवाज सांगायला हवा. पंक्तीतल्या एकाचंही बोट पानावर असेपर्यंत कुणी उठायचं नाही. सगळ्यांचं झालं की थोरल्यानं हातावर शेवटचं पाणी घ्यायचं आणि मग पंक्तीनं एकदम उठायचं. कुणी जेवत असताना उठणं म्हणजे त्याच्या पानात माती टाकणं. मामांनी हातावर पाणी घ्यायला तळवा पुढे केला आणि पंक्तीवर नजर फिरवली.

"तुळजा," अप्पा म्हणाले, "थोडा भात."

मी भात आणवून वाढला. मामांनी तळवा मागे घेतला. अप्पा एकेक शीत उचलायला लागले. "मामा, ही रसवांगी! तुमच्या नजरेखाली झालेली. असं वांगं राजाच्या पंक्तीलाही पडलं नसेल." मामा प्रसन्न हसले. रघूमामा सवयीनं हसले. अप्पांनी पुन्हा रसवांगी मागितली. मग लोणचं. मग पुन्हा भात. दाराशी दुसरी पंक्ती ताटकळत उभी होती, वाळ्याचे पंखे हलत होते, एक पोर भुकेनं रडायला लागलं. सगळ्यांचे खरकटे हात वाळून कडक झाले. राजारामच्या पायाला मुंग्या आल्या. मामांचे गुडघे तर मुळातच अधू, शिवाय जेवणानंतरची गोळी घरी राहिलेली.

"व्यंकू, झालं का?"

"होतंय मामा. घास उतरत नाही."

"का रे?"

"अक्काच्या वर्गाचा विचार आला की अडकतो." अप्पांचा आवाज नेहमीसारखाच, मऊ, मान खाली. "चूक माझीच आहे. तुम्ही एवढ्या मोठ्या मनाचे, तुमच्या राज्यात मुलं रस्त्यावर बसणार नाहीत हे मला कळतं. पण घशाला कळत नाही. तुळजा, ताक वाढ."

मी वाढलं. मला हसू येत होतं. स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती, पदर तोंडावर धरून. मामांनी अप्पांकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या गर्दीकडे, मग राजारामकडे. राजाराम सहाव्या पानावर ढकलला गेला होता आणि आधीच फुगलेला होता. तो ओरडला, "खुर्च्या नेतो मी माझ्या घरी! पण आधी उठू द्या!"

"घाई नको," अप्पा म्हणाले. "पायस आहे का थोडं?"

मामांनी डाव्या हातानं कनवटीची गाठ सोडली आणि किल्ली काढली. डाव्या हातानं कुणाला काही देऊ नये, आणि उजवा खरकटा. ते क्षणभर अडले. अप्पा मान वर न करता म्हणाले, "तुळजाचे हात स्वच्छ आहेत मामा."

किल्ली माझ्या हातात पडली. अप्पांनी उरलेला सगळा भात एका घासात संपवला, पाणी घेतलं आणि म्हणाले, "झालं." अख्खी पंक्ती कण्हत उठली.

आत्यानं किल्ली पदराला बांधली आणि मला एवढंच म्हणाली, "व्यंकूनं आठवा शब्द वाक्यात वापरून दाखवला की नाही?"

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचलाच उठून बसले. मला वाटलं आता ते तिथे जाणार नाहीत. अप्पा अंघोळ करून बाहेर पडले ते सरळ गल्लीच्या तोंडाकडे. मी तिण्णैवरून उडी मारून आडवी गेले.

"आता कसाला? किल्ली मिळाली ना!"

"मिळाली. खोलीत पंखा कुठे आहे ग?"

मला राग आला. खरा राग. जे आपल्या हक्काचं आहे ते माणसानं ताठ उभं राहून मागावं, असं मी तेव्हा मानत होते आणि आजही मानते, आणि वांग्याची स्तुती करून मिळालेला हक्क मला आजही अर्धाच वाटतो. पण रागाबरोबर दुसरंही काही आलं. मी आत जाऊन उरलेलं एक पत्रक आणलं, त्या फुलावर काट मारली, आठ आकडा घातला, आणि आत्यानं लहान अक्षरात लिहिलेला तो शब्द अप्पांच्या नावापुढे मोठ्या अक्षरात लिहून कागद त्यांच्या हातात दिला.

अप्पांनी तो दूर धरून वाचला. शब्दाला त्यांनी मान डोलावली. मग कपाळाला आठी पडली.

"आठवा?" ते म्हणाले. "मामांच्या उजव्या हाताला कोण बसलं होतं?"